टायगर अनियंत्रित नसल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
ग्रामपंचायत कुळणमळ,
तालुका डिचोली, गोवा.

विषय : पाळीव कुत्रा ‘टायगर’ याला परवान्याचा बिल्ला मिळण्याबाबत व त्याला उचलून नेणे थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) वडील कै. गोकुळदास मळीक, निवृत्त शिक्षक, यांचा अर्ज, दि. ८ जून २००४.
२) आपली नोटीस, दि. १३ नोव्हेंबर २००६.

महोदय,

आपल्या नोटिशीप्रमाणे टायगर ‘विनापरवाना व अनियंत्रित’ असून शुक्रवारी त्याला उचलून नेण्यात येईल. पैकी पहिला शब्द मला मान्य आहे. परवान्यासाठी वडिलांनी केलेला अर्ज, गेल्या महिन्यात ते वारले तेव्हा, विचाराधीन होता.

दुसऱ्या शब्दाला माझी हरकत आहे.

टायगर पूर्वी खरोखर अनावर होता. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे तो नदीपर्यंत धावे. वडिलांनी कुत्र्यांना शिकवण्याची दोन पुस्तके आणली. ती त्याने चावून टाकली. त्याला शिस्त लागली ती आपल्या कार्यालयात. अर्जाच्या चौकशीला वडील त्याला सोबत नेत. खिडकीतून आपले कारकून श्री. मधुकर म्हणत, “बसात, मास्तर.” वडील बाकावर बसत, टायगर बाकाखाली. “मात्शें रावात.” दोघेही थांबत. एक वाजता, “फाल्यां येयात.” दोघेही घरी येत आणि दुसऱ्या दिवशी दहाला हजर होत. हुकूम तोच असावा, रोज द्यावा, आवाज चढवू नये, असे त्या पुस्तकांत होते. ते इतके काटेकोर पाळलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

या शिक्षणाचे फायदे आम्हाला झाले. पोदेर आला की टायगर बसून राहतो. पुढ्यात मासळी ठेवून “रावात” म्हटले तर तोंड लावत नाही. वडील गेले त्या दिवशी शेजारणीने समाचाराला आलेल्यांना “बसात” म्हटले. सर्वांच्या आधी तो बसला.

वडिलांना शेवटच्या फेरीत “फाल्यां येयात” असे सांगण्यात आले होते. ते येऊ शकले नाहीत. टायगर येतो. नोटिशीतला ‘कार्यालयातील अनधिकृत वावर’ तो हाच. रविवारी कार्यालय बंद असते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मी त्याला बांधून पाहिले. दहा वाजता तो असा रडू लागतो की मीच सोडते. घरात आता आम्ही दोघेच आहोत.

तरी त्याला बिल्ला द्यावा, आणि देताना श्री. मधुकर यांनी स्वतःच्या तोंडाने “काम जालें, आतां घरा वचात” एवढे त्याला सांगावे. हे वाक्य त्याने आपल्या कार्यालयात कधी ऐकलेले नाही. वडिलांनीही नाही. माझ्या सांगण्यावर तो विश्वास ठेवत नाही.

आपली नम्र, व आता आज्ञाधारक,
सुमंगला गोकुळदास मळीक
दि. १४ नोव्हेंबर २००६

सोबत :
१) वडिलांच्या अर्जाची पोच
२) साखळी गावातील गुरांच्या दवाखान्याचा लसीचा दाखला
३) वडिलांच्या मृत्यूचा दाखला
४) टायगर (मूळ प्रत, आपल्या बाकाखाली)