भूदल, नौदल की हवाईदल

भागवत,

घाटी दवाखान्यातली नाइट ड्यूटी करून आलेय, आत झोपते. भाकरी टोपल्यात आहे. ठेचा आज कमी तिखट केलाय.

फौजेत डॉक्टर म्हणून जायचा आपल्या दोघांचा अर्ज आजच भरायचाय. भूदल, नौदल की हवाईदल, एवढंच ठरायचं राहिलंय. तुला नौदल पाहिजे, कारण फर्दापूरच्या पोरानं पहिल्यांदा समुद्र बघितला तो लग्नानंतर, माझ्यासोबत. पण जहाजावर तू एकटाच जाशील आणि मी किनाऱ्यावर बसेन. भूदलात तू सीमेवर, मी कुठल्या तरी छावणीत. नवरा-बायकोला शक्यतो एका ठिकाणी ठेवतात म्हणे, म्हणून तर आपण चाललोय. इथं तुझी ड्यूटी दिवसा, माझी रात्री; एका घरात राहून लई दिवस झाले, तुला जेवताना बघितलं नाय.

मला हवाईदल बरं वाटतं. तुझं तू सांग.

फक्त उत्तर या कागदामागं लिहून ठेवू नको. माझी झोपमोड नको म्हणून तू चपला हातात घेऊन घरात फिरतोस, मला माहीत आहे. आज त्या पायात घाल, आत ये आणि मला उठव.

कांचन