थकलेल्या हृदयाला लगाम

५ ऑगस्ट १९७४, योतेबोर्ग, स्वीडन
माझ्या वॉर्डात त्या डॉक्टर इंगेला सान्देलने अकलेचे तारे तोडलेत. पेशंट नंबर सात, गोदीतला वेल्डर ब्रिंक. हृदय कामातून गेलेलं. त्याला ही बीटा-ब्लॉकर देणार! म्हणजे रखडत चाललेलं हृदय आणखी हळू करणार. म्हणे, ते उगाच धावून थकलंय. मग तीस वर्षं मी काय हजामत केली? संकल्प: हॉस्पिटलच्या कमिटीला तक्रारीचं पत्र. उद्याच.

६ ऑगस्ट
पत्र राहिलं. जिना चढून दम लागला. पायऱ्या वाढवल्यात बहुतेक.

९ ऑगस्ट
ब्रिंक आणखी सुजला. म्हटलं नव्हतं? सान्देल म्हणते, सुरुवातीला असं होतं, डोस कणाकणाने वाढवायचा. नर्स गुनवोर मलाच म्हणाली, "हालस्टेन, पाय तुझेही सुजलेत." तुझे! प्रोफेसरला! देशभर ही अरे-तुरेची साथ पसरली आहे. बूट घट्ट आहेत, एवढंच.

१७ ऑगस्ट
मेव्हण्याकडे क्रेफिशची, म्हणजे मिठात उकडलेल्या नदीतल्या झिंग्यांची पार्टी. कागदी टोप्या, गाणी, स्नॅप्सची कडक दारू. तीस क्रेफिश खाल्ले, कवचातलं खारट पाणीही सुर्रकन ओढलं. पेशंटांचं मीठ मीच बंद करतो, असं बायकोने सर्वांदेखत सांगितलं. पेशंटांचं!

१८ ऑगस्ट, सकाळी
खुर्चीत बसून झोपलो. आडवं झालं की घुसमटतं. तीन उशा घेऊनही तेच. हल्लीच्या उशा भिकार.

२ सप्टेंबर
ब्रिंक कॅन्टीनमधून स्वतः दालचिनीचा पाव घेऊन आला. योगायोग. पत्र लिहून 'माननीय कमिटी' या दोन शब्दांपर्यंत आलंय.

११ सप्टेंबर
काल जिन्यात कोसळलो. हाका मारून माणसं जमवली ती ब्रिंकने. "म्हाताऱ्या, गप बस," असंही म्हणाला. आता मी पेशंट नंबर आठ. बाकीची औषधं थकली, म्हणून सान्देलची गोळी. घेतोय, पण तिला खोटं पाडण्यासाठीच.

१९ सप्टेंबर
धाप वाढली. माझा मुद्दा सिद्ध! आनंदाने आणखी धाप लागली. सान्देल शांतपणे लघवीच्या गोळ्या वाढवून गेली. तिला धड वादही घालता येत नाही.

२० ऑक्टोबर
सूज उतरली. एका उशीवर झोपलो. हवा बदलली असेल.

२४ नोव्हेंबर
तीन जिने चढलो, दम लागला नाही. पत्राची वाट लागली. दुपारच्या गोळीला दहा मिनिटं उशीर झाला, म्हणून मीच धावत गुनवोरकडे गेलो. ओरडलो, "माझी गोळी विसरलीस का?"
"देते रे, धावू नकोस," म्हणाली.
मी हात पुढे केला.