दोन्हीकडे एकच नाव

बुधवार, जानेफळ. संध्याकाळ.

संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या चाचण्यांचा सी भाषेतला कोड तपासणं हे माझं काम, आणि त्यातच आज तोंडघशी पडले. डोणगावच्या शीतलने लिहिलेली पहिलीच चाचणी मागच्या महिन्यात मी मंजूर केली होती. तिच्यात एका ओळीत अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर ताडून पाहायचं होतं, पण दोन्हीकडे एकच नाव, मिळालेल्या उत्तराचं. म्हणजे कोड कितीही चुकला तरी चाचणी पासच. चुकलेला कोड तसाच पुढे गेला आणि काल कितीतरी लोकांची मशिनं बंद पडली.

सकाळी ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "ही चाचणी कोणी लिहिली?" शीतल म्हणाली, "मी." तपासलं कोणी, हे कोणी विचारलंच नाही. आणि मी? माइक बंद ठेवून बसले. एकच नाव, एकाच ओळीत दोनदा, तरी कसं दिसलं नाही? खरं सांगायचं तर ती ओळ मी वाचलीच नव्हती. पास दिसलं, मंजूर केलं.

दुपारी राहवेना. सगळ्यांना मेल लिहून चूक कबूल केली, मग शीतलला फोन लावला.

"ताई, वाचला तुमचा मेल. पण मी तं राजीनामा देऊन टाकला."

"वापस घे नं वं. मी बोलते साहेबांसंग."

"सकाळी काऊन नाही बोलल्या? मी तुमच्याच तोंडाकडे पाहून राह्यली होती."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.