समोरची खुर्ची

३ मार्च

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, गाळणी सापडेना म्हणून चहा स्वच्छ रुमालातून गाळला, तरी मी खूश आहे. सातवा मजला, ऐसपैस लिफ्ट, दारांना उंबरे नाहीत. ह्यांची चाकाची खुर्ची थेट न्हाणीघरापर्यंत जाते. जुन्या घराच्या तीन जिन्यांनी वर्षभर आम्हा दोघांना कोंडून ठेवलं होतं. बाहेरची खोली मात्र काडेपेटी आहे. हे म्हणाले, बरंच झालं, भांडलीस तरी लांब कुठे जाशील! अर्धांगवायूने ह्यांचा डावा हात आणि डावा पाय नेला, जीभ तेवढी जशीच्या तशी ठेवली.

७ मार्च

लेकीने तिकडून फोनवर सांगत सांगत टीव्हीवर व्यायामाचे वर्ग लावून दिले. रोज अकराला थेट दाखवतात. खुर्चीत बसून, जोडीने करायचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टने तर कधीच हात टेकले होते, वर्ष उलटलं की जे आलं नाही ते येत नाही म्हणे. शिकवणारी बाई गोड बोलते. तिच्या समोरच्या खुर्चीत आणखी एक बाई बसते, तिची फक्त पाठ दिसते. शेजारी नाही, समोरासमोरच बसायचं, गुडघ्याला गुडघा, तळव्याला तळवा. आमच्या खोलीत नाहीतरी तेवढंच मावतं. ह्यांचा डावा तळवा माझ्या उजव्या तळव्यावर. मी उचलायचा, त्याने मागून यायचं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात आहे माझा, खमका. ह्यांची कुरकुर सुरूच होती. पी हळद आणि हो गोरी असं असतं तर दवाखाने बंद पडले असते म्हणाले. मी म्हटलं, गप्प बसा आणि मोजा.

१५ मार्च

करंगळी हलली! अगं बाई, खरंच हलली! आधी मला वाटलं माझाच हात थरथरला, म्हणून हात काढून घेतला आणि म्हटलं, करा पुन्हा. पुन्हा हलली. ह्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दोन हातांशिवाय घड्याळ उघडता येत नाही, म्हणून वर्षभर हत्यारांच्या डबीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आज ती डबी मागितली आणि मांडीवर घेऊन रडले. मीही रडले. लेकीला फोन लावला तर ती तिकडे रडायला लागली. मग तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

२६ मार्च

ह्यांनी डाव्या हाताने पेला धरला. माझ्या हातून मात्र दुधाचं पातेलं निसटलं, सगळा ओटा दुधाने भरला. आठवडाभर बटणंही लागत नाहीत मला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काही नाही, दमला आहात म्हणाल्या. दमले असेन. खोकी काय कमी उचलली?

आज एक लक्षात आलं. टीव्हीतली ती पाठमोरी बाई हल्ली स्वतः हात उचलत नाही. शिकवणारी बाई उचलते तिचे.

४ एप्रिल

दोन दिवस इंटरनेट बंद होतं, त्यामुळे वर्ग नाही. सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं मी पटापट लावून टाकली, माझं मलाच नवल वाटलं. तेवढ्यात ह्यांच्या डाव्या हातातला चमचा पडला. दोघांनी त्या चमच्याकडे बघितलं. मी चमचा उचलला आणि धुवायला गेले. नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभी होते. इतकी वर्षं मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली, आणि मला एवढं कळायला महिना लागला. माझ्यातलं कमी होतंय ते ह्यांच्यात जमा होतंय.

५ एप्रिल

इंटरनेट आलं. नको म्हणता आलं असतं. मीच खुर्ची ओढली. निम्मा हात त्यांना, निम्मा मला, एवढंच ना? संसारात तरी दुसरं काय केलं आजवर. निम्मं झालं की थांबायचं, असं मनाशी पक्कं केलं.

१६ एप्रिल

आज निम्मं झालं असावं. हे काठी टेकत खिडकीपर्यंत गेले, खालचा रस्ता बघून आले. माझा उजवा पाय फरपटतो. ह्यांना म्हटलं, आता पुरे, इथेच थांबू, दोघं दोन काठ्या घेऊन फिरायला जाऊ. हे खाली बघत म्हणाले, थांबलं की परत जातं, बघितलंस ना तू.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. चमचा पडला त्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी रोज अकराला माझा हात मागत होते.

२२ एप्रिल

हे अक्षर डाव्या हाताचं. पहिलीतल्या मुलाला असल्या अक्षरासाठी उभं केलं असतं मी.

उजवा मांडीवर पडून असतो. आता हेच खुर्च्या मांडतात, माझा हात हेच उचलतात. आज नको म्हटलं. तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मला परत तसं व्हायचं नाही गं, तू तर बघितलंयस, म्हणाले. बघितलंय. वर्षभर पुसलंय, भरवलंय, कूस बदलून दिली आहे. म्हणून रागही धड येईना. त्याचंच फार वाईट वाटतं.

२७ एप्रिल

लेकीचा फोन. हे चालून दाखवत होते, काठीशिवाय. ती विचारत होती, आई कुठे? आई झोपली आहे म्हणाले.

मी इथेच होते. दाराआड. हाक मारली — जीभ जड झाली आहे — नुसता आवाज आला. ह्यांनी फोन घेऊन गॅलरीत जाऊन दार लावलं.

३० एप्रिल

टीव्हीत ती पाठमोरी बाई नाही. तिची खुर्ची रिकामी. शिकवणारी बाई हसून म्हणाली, उद्यापासून फक्त दुसरी बाजू.

माझ्याकडे दुसरी बाजू म्हणजे हा हात. हे लिहिणं.

ह्यांनी पटकन टीव्ही बंद केला. माझी शपथ घेतली. नाही म्हणाले, कध्धी नाही.

२ मे

दोन दिवस वर्ग नाही. शपथ पाळली. माझं उजवं बोट हललं — आज — खरंच. ह्यांना दाखवलं. हसले. केसांवरून हात फिरवला माझ्या.

मग घड्याळ उघडून बसले. चिमटा सुटला डाव्या हातातून. उचलला. पुन्हा सुटला.

जेवले नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघत बसले —

३ मे

अकराला पाच कमी. खुर्ची मांडली. समोर.

मान हलवली. नाही. नाही. ह्यांनी बघितलं नाही. रिमोट हातात. रडतायत.

हे म्हणाले लिहून होऊ दे तुझं. मग लावतो.

म्हणून लिहितेय. लिहितेय तोवर लावणार नाहीत. काहीही. भिंत. खिडकी. साखर. बे एके बे. बे दुणे चार — अकरा वाजले — बे त्रिक सहा —

झालं का विचारतायत. नाही झालं — अजून थोडं — अहो —

एकेक बोट सोडवतायत माझं. पेनवरून. किती हळू — दुखू नये म्हणून — किती