बारा-चाळीसची मालगाडी

प्रिय आई,

आणि बाईसुद्धा. शाळेत तुला आई म्हणून हाक मारली की तू ऐकू न आल्यासारखं करायचीस, म्हणून आज दोन्ही नावांनी हाक मारते आहे. एका तरी हाकेला ओ देशील ना?

उद्या सोमवारी पातूरच्या शाळेत नववीवर माझा तास आहे. साधा तास नाही, तो तास. मुख्याध्यापकांनी शुक्रवारी बोलावून हातात एक कागद दिला. वर 'किशोरवयीन मार्गदर्शन', मध्ये संयमाचे फायदे, शेवटी प्रतिज्ञा. मुलांना मैदानावर सोडा, मुलींना बसवा, संयमावर बोला आणि उगाच फाटे फोडू नका, असं त्यांनी समजावलं. मी निघाले तर मागून म्हणाले, तुमच्या आई चांदूर रेल्वेला हेच शिकवायच्या ना? बस, तसंच घ्या.

तसंच घ्या! तुला जाऊन चौदा महिने झाले आणि लोक अजून मला तुझं उदाहरण देतात. मी मान डोलावली. शिक्षणसेवक आहे मी, कायम व्हायला दीड वर्ष बाकी आहे. तेव्हापासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय, आणि तुझ्या मांडीवर डोकंही ठेवावंसं वाटतंय.

आज जेवून जरा आडवी झाले तर तू आलीस. अकोल्यात फेब्रुवारीतच ऊन इतकं तापलंय की समोरची गल्ली पांढरी दिसते. पडदा ओढला, डोळा लागला आणि मी थेट चांदूरच्या वर्गात पोचले. तू फळ्यापाशी, निळ्या काठाच्या साडीत, बोटांना खडू लागलेला. खिडकीबाहेरून मालगाडी चाललेली. ती संपतच नव्हती. डबा गेला की डबा, डबा गेला की डबा, आणि कुठून कोण जाणे, कापसाचे पुंजके वर्गभर तरंगत होते. तू बोलत होतीस. मी पहिल्या बाकावर बसून तुझे ओठ वाचायचा प्रयत्न करत होते. माझं वय एकतीसच होतं, पण दोन वेण्या होत्या, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

जागी झाले तेव्हा कूलर घरघरत होता. मग लक्षात आलं, यात स्वप्नासारखं फारसं काही नाही. असंच तर व्हायचं!

शाळा रुळांना लागून. गाडी आली की शिकवणं थांबायचं, सगळे सर, सगळ्या बाई थांबायच्या. तू मात्र वर्षातून एक दिवस उलटं करायचीस. त्या दिवशी मुलं मैदानावर जाऊन डबे मोजत बसायची आणि आम्ही मुली वर्गात. तू खडू हातात घेऊन खिडकीशी उभी राहायचीस, सारखी घड्याळ बघत. बारा-चाळीसची मालगाडी! तिचा काय भरवसा, कधी पाच मिनिटं आधी, कधी वीस मिनिटं उशिरा. खिडकीचे गज थरथरायला लागले की तू आमच्याकडे वळायचीस आणि बोलायला लागायचीस. भराभरा, न थांबता, एकेकीच्या तोंडाकडे बघत. आम्हाला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

शेवटचा डबा गेला की तुझा आवाज पहिल्यांदा कानावर पडायचा. उभ्या राहा, माझ्यामागून म्हणा: "मी संयम पाळीन. संयम पाळणाऱ्याला काही होत नाही." आम्ही खणखणीत आवाजात म्हणायचो. मग घंटा.

मी एकदा घरी विचारलं होतं, आठवतं? तू अंबाडीची भाजी निवडत होतीस. गाडीच्या वेळी काय सांगितलंस, एवढंच विचारलं. "शाळंतलं शाळंत इचार," तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं तर म्हणालीस, "घरी वाचून ये." घर ते शाळा दहा मिनिटांची वाट. त्या वाटेवर कुठेतरी उभं राहून विचारायला हवं होतं का, आई? तिथे तू कोण असायचीस?

संयम वाईट आहे असं मी म्हणत नाही. थांबायला शिकवलंस, ते चांगलंच केलंस. पण कशापाशी थांबायचं, आपल्याच अंगात काय काय आहे, ते कधी बिघडलं तर कोणाला सांगायचं, यातलं एक अक्षर आमच्या कानावर आलं नाही. आम्ही एकमेकींना जे काही सांगायचो, ते तू ऐकलं असतंस तर कपाळाला हात लावला असतास. मला सोळाव्या वर्षी दोन महिने पाळी आली नाही. मी कोणाच्या हाताला हातसुद्धा लावला नव्हता, तरी आपल्या हातून काही पाप झालं असेल म्हणून रोज रडायचे. तू विचारायचीस, "काहून रडून राहिली?" मी म्हणायचे, गणित अवघड जातंय. तू माझी गणिताची शिकवणी लावलीस!

आता ते सांगते, जे लिहिताना हात अडतो आहे.

रिटायर झाल्यावर तू चांदूरलाच राहिलीस. मी पंधरा दिवसांनी यायचे. तुझ्या साड्या मागच्या खोलीत, दाराआड वाळत घातलेल्या दिसायच्या. अंगणात एवढं ऊन असताना आत का? मला प्रश्न पडला होता, आई. मी बीएस्सी, बीएड, विज्ञानाची शिक्षिका, आणि मी विचारलं नाही. तुझ्याकडूनच शिकले होते ना, विचारायचं नसतं. तू फक्त पोटात दुखतं म्हणायचीस आणि ओवा खायचीस.

अमरावतीच्या दवाखान्यात शेवटी नेलं, तेव्हा टेबलापाशी जी नर्स उभी होती ती तुझ्या पाया पडली. "बाई, मी रुखसाना. चांदूरची. तुमच्या वर्गात होती." तुला केवढा आनंद झाला! आजार बाजूला ठेवून तू तिला अम्मीची तब्येत, भावाचं दुकान, सगळं विचारलंस. तिने तुझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "बाई, रक्त कवापासून जाऊन राहिलं?"

तू खिडकीकडे बघितलंस. तिथे रेल्वे नव्हती, शेजारच्या इमारतीची भिंत होती. गाडी येण्याची वाट बघत असल्यासारखी तू कितीतरी वेळ गप्प बसलीस. मग म्हणालीस, "नऊ महिने."

तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. पहिल्याच महिन्यात आल्या असत्या तर आपल्या हातात बरंच काही होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू त्यांना काहीच विचारलं नाहीस. त्या बाहेर गेल्यावर रुखसानाला विचारलंस, "हिचे बाबा जाऊन वीस वर्सं झाले. मी एकटी रायली, नेमानं रायली. मले काहून झालं?"

तिचं उत्तर मला पाठ आहे. "बाई, हा विषाणू नवरा-बायकोच्या सरळ संसारातूनबी येते, अन् वीस-वीस वर्सं अंगात गुपचूप रायते. एकटं रायल्यानं तो जात नाई. तुमचा काईच कसूर नाई."

तू रडलीस. दुखण्याने रडली नव्हतीस, तेव्हा रडलीस. नऊ महिने तू कोणाला सांगितलं नाहीस, कारण संयम पाळणाऱ्याला काही होत नाही आणि झालंच तर लोक काय समजतील! आपलीच प्रतिज्ञा तुला खरी वाटली होती ना? आम्ही पोरी वर्गाबाहेर पडल्यावर विसरून तरी जायचो. तू दर वर्षी ती म्हणत होतीस.

व्हरांड्यात रुखसानाने मला थांबवलं. म्हणाली, इतकी वर्षं एक विचारायचं होतं. "बाई गाडीच्या आवाजात खरंच सांगत होत्या का, का नुसतेच ओठ हालवत होत्या?"

मला माहीत नव्हतं. तुला विचारायचं ठरवलं, आणि तेही विचारलं नाही. मग कौंडण्यपूरला वर्धेच्या पाण्यात उभी राहून तुझ्या अस्थी सोडल्या. पाणी इतकं संथ होतं की त्या बराच वेळ माझ्या पायांपाशीच घोटाळल्या. तू काही सांगायला थांबली आहेस असं मला वाटलं. मी वाकून ऐकलंसुद्धा. बाजूचे लोक बघत होते.

आज झोपेतून उठले ती सरळ कपाटाकडे गेले. तुझ्या टाचणवह्या काढल्या. शिकवण्याआधी धडा लिहून काढायचा आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची, हा नेम तू कधी मोडला नाहीस. बाबा गेले त्या वर्षीची वही उघडली. तो धडा दोन पानांवर सगळा लिहिलेला आहे. पाळी, गर्भ कसा राहतो, कसा टाळता येतो, कोणते आजार कसे होतात, कोणी नको तिथे हात लावला तर काय करायचं. एकही शब्द गाळलेला नाही, तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात. खाली लाल शाईत शेरा: 'हा भाग वर्गात टाळावा. संयमावर भर द्यावा.'

बाबा नुकतेच गेलेले, मी नऊ वर्षांची, घरात तुझा एकटीचा पगार. तूही माझ्यासारखी मान डोलावली असशील.

पण पुढच्या वर्षीची वही उघडली, तर टाचणात फक्त 'संयम: महत्त्व व प्रतिज्ञा', आणि त्याखाली सही. मागच्या कोऱ्या पानांवर मात्र तीच दोन पानं पुन्हा लिहिलेली! कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक: १२.४०. त्याच्या पुढच्या वहीतही तेच. अठरा वह्या, आई. अठराही वह्यांत तीच दोन पानं आणि बारा-चाळीस.

मी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचून बघितलं. भराभरा वाचलं तर साडेतीन मिनिटं. एक मालगाडी!

म्हणजे तू सांगत होतीस. सगळं खरं सांगत होतीस! आज रुखसानाला फोन करून हे सांगितलं, तर तिने ती दोन्ही पानं मला फोनवरच वाचायला लावली.

दुसऱ्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: 'अवेळी रक्त गेल्यास लाजू नये, लगेच डॉक्टरांना सांगावे. आजार ही शिक्षा नव्हे.' हे तू अठरा वेळा स्वतःच्या तोंडाने म्हणालीस, आई! त्या गाडीच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण तुलाही ऐकू आलं नाही का गं?

मला तुझा राग येतो. आणि तुझा इतका अभिमान वाटतो की वहीवर पाणी पडू नये म्हणून ती लांब धरून बसले आहे.

तर आता शब्द देते. उद्या मुख्याध्यापकांचा कागद बॅगेतच राहील. मुलांना मैदानावर सोडणार नाही, तीही बसतील. तुझी दोन पानं मी सावकाश वाचेन, मध्ये थांबेन, कोणी विचारलं तर उत्तर देईन, येत नसेल तर शोधून देईन. विषाणू आणि त्याची लस, हे तुझ्या पानात नाही, ते रुखसानाकडून लिहून घेतलं आहे. माझ्या टाचणात हे सगळं पुढच्याच पानावर लिहिलं आहे, शाईने. लाल शेरा आला तर येऊ दे, नोकरीचं काय व्हायचं ते होईल. भीती वाटते आहे, तुझ्यापासून काय लपवू? पण तू समोर असशील ना, पहिल्या बाकावर?

पातूरला रेल्वे नाही, आई. आणि उद्या कधी आलीच, तर ती पूर्ण जाईपर्यंत मी गप्प उभी राहीन, आणि मग पहिल्या शब्दापासून सांगेन.

तुझी मुलगी आणि तुझ्या वर्गातली,
वैशू