आगळाच्या बाटलीत

विघ्नेश,

तुझी मीटिंग लांबली, म्हणून शेजारच्या वासुदेवभाऊंच्या गाडीने एअरपोर्टला निघाले.

काल सोलकढीत फ्रीजमधलं कोकमाचं आगळ ओतलं, तर कढी जांभळट झाली आणि वाईनचा भपकारा आला. मूळ बाटली वॉशिंग मशीनमागे सापडली. आईला कळू नये म्हणून एवढा खटाटोप! चष्मा लावून लेबल वाचलं: दक्षिण फ्रान्सच्या उन्हात पिकलेली तीन जातींची द्राक्षं एकत्र करून केलीय. बाटलीत तरी तिघं एकत्र आहेत. प्रज्ञा लेकीला, मिहिकाला घेऊन घरी कधी परतणार, हे इथल्या महिनाभरात मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

आमटी गरम करून जेव. उरलेली वाईन तिच्या मूळ बाटलीत ओतून ओट्यावरच ठेवलीय. लपवायची तरी कोणापासून? घरात आता कोणी नाही.

आई