शर्यत संपल्यावरचं चित्रण

३ ऑगस्ट
चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. नाक मात्र माझं कापलं गेलंय. तुमच्या शाळेसारखेच आमच्याकडच्या क्रीडाशिक्षकांनाही टॅबलेट मिळाले. शर्यतींचं चित्रण करून, तूही ज्यात आहेस त्या सगळ्या शाळांच्या गटावर टाकायचं होतं. मी पाच टाकली, एकातही शर्यत नाही! नुसतं गवत, माझे बूट आणि माझी बडबड. चाचणीसाठी बटण दाबलं ते बंद करायचं राहिलं आणि पुढे सगळंच उलटं झालं. शिटी वाजली की यंत्र बंद, शर्यत संपली की चालू.

त्यात बारा शाळांच्या क्रीडाशिक्षकांचा प्रमुख म्हणून माझं नाव निघालंय. ज्याला एक बटण कळत नाही त्याने कुणाला काय शिकवायचं? नकाराचं पत्र लिहून ठेवलंय, महिनाअखेरीस देणार. तीस वर्षं मैदानावर मानाने काढली, आता हसं नको.

लोभ आहे तसा राहू दे, हसणं तेवढं आवर.
दादा

८ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसणं आवरलं नाही. तुझे बूट बारा शाळांनी पाहिले, आता तरी नवे घे.

पण तिसरं चित्रण तू ऐकलंस का? शेवटी आलेली मुलगी रडतेय. तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता तू विचारतोस, दम नेमका कुठे संपला? ती म्हणते, वळणावर. मग उद्या वळणापासून मी तुझ्याबरोबर पळेन, असं तू सांगतोस. दादा, मला रडू आलं. सातवीत तू मलाही हेच विचारलं होतंस, म्हणून मी आज मैदानावर आहे. आमच्याकडचे दोन शिक्षक आता मुलांना तेच विचारू लागलेत.

बटण मी रविवारी येऊन शिकवते. ते पत्र देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

वहिनीला नमस्कार, तुझ्यावर माया आणि थोडा राग.
ठकू

२ सप्टेंबर
चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र फाडलं. काल पहिली बैठक घेतली. आधी माझी फजिती सगळ्यांना दाखवली, मग तू शिकवलेला, चित्रण चालू असल्याचं सांगणारा लाल ठिपका. ते पाहून दोघा जुन्या शिक्षकांनी हळूच कबूल केलं, की त्यांचे टॅबलेट अजून खोक्यातच आहेत. त्यांना जवळ बसवून विचारलं, नेमकं कुठे अडतं?

ती मुलगी आज चौथी आली. या वेळी शर्यत पहिल्या पावलापासून टिपली. तिने रेषा ओलांडली तसं बोट बटणाकडे गेलं, पण मी ते दाबलं नाही.

आशीर्वाद आहेतच, चिडवत राहा.
दादा